ग्रोमॅक्स : सहा वर्षांच्या वापरानंतरचा सविस्तर अभिप्राय

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी रसायनशास्त्र शिकवते. आमच्या विभागात गेली सहा वर्षे एम.एस्सी.च्या प्रकल्पांसाठी ग्रोमॅक्स हे सॉफ्टवेअर वापरले जाते. रेणूंची हालचाल संगणकावर गणिताने घडवून पाहण्याचे, म्हणजेच मॉलिक्युलर डायनॅमिक्सचे, हे साधन फुकट मिळते, त्याचा मूळ कोड कोणालाही वाचता येतो आणि जगातल्या मोठ्या प्रयोगशाळा जे वापरतात तेच, त्यात काहीही कमी न होता, आपल्या टेबलावर येते. विकत घेण्याचा प्रश्नच नसल्यामुळे हा हिशेब पैशांचा नाही. तो वेळेचा, विजेचा आणि विद्यार्थ्यांच्या श्रमांचा आहे. शेजारच्या महाविद्यालयांतील सहकारी "आपल्याकडे हे जमेल का?" असे वारंवार विचारतात. जमते, असे माझे उत्तर आहे; मात्र ते कोणत्या अटींवर जमते आणि फसगत कुठे होते, हे नीट सांगायला हवे.

आत काय चालते ते समजायला अवघड नाही. प्रत्येक अणू हा एक लहानसा गोळा मानायचा, इतर अणूंमुळे त्याच्यावर किती बल येते ते काढायचे, न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने त्याला किंचित पुढे सरकवायचे आणि नव्या जागेवरून पुन्हा बल काढायचे. ही झाली एक पायरी. एका सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद, आणि आपली पायरी असते दोन फेम्टोसेकंदांची. ती इतकी लहान ठेवावी लागते याला कारण आहे. कार्बन-हायड्रोजनचा बंध सुमारे ११ फेम्टोसेकंदांत एक कंपन पुरे करतो, आणि पायरी त्या मानाने मोठी झाली की अणू एकमेकांत घुसतात, बले अफाट वाढतात आणि सगळी गणना कोसळते. ग्रोमॅक्समध्ये 'लिंक्स' नावाची, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली, एक पद्धत आहे. ती या बंधांची लांबी पक्की धरून ठेवते आणि तिच्यामुळेच दोन फेम्टोसेकंदांची पायरी निर्धास्तपणे घेता येते. एवढे करूनही १०० नॅनोसेकंदांची (एक नॅनोसेकंद म्हणजे दहा लाख फेम्टोसेकंद) हालचाल पाहायची तर ५ कोटी पायऱ्या चालाव्या लागतात. त्या चालायला लागणारा वेग हाच या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

नव्या विद्यार्थ्याला मी थेट प्रथिनाकडे नेत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्याकडून द्रवरूप आर्गॉन करून घेते : ८६४ अणू, तापमान ९४.४ केल्विन आणि ते अणू ज्यात ठेवायचे ती सुमारे ३४.८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) बाजूची काल्पनिक पेटी. हे आकडे माझे नव्हेत. अमेरिकेतल्या आरगॉन नॅशनल लॅबोरेटरीत सीडीसी ३६०० या संगणकावर १९६४ मध्ये हीच गणना अनीसुर रहमान यांनी केली होती आणि खऱ्याखुऱ्या द्रवाचे हे पहिले सिम्युलेशन मानले जाते. त्याआधी १९५७ मध्ये ॲल्डर आणि वेनराइट यांनी कठीण गोळ्यांवर काम केले होते; एकमेकांना मुळीच न ओढणारे गोळेसुद्धा दाटी वाढली की आपोआप स्फटिकासारखे रचले जातात, हे त्यांनी दाखवले. १९६० मध्ये विनयार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्साराने तांब्याच्या स्फटिकाची होणारी मोडतोड गणिताने उभी केली. पण आकर्षण आणि प्रतिकर्षण असे दोन्ही असलेला, वास्तव द्रवासारखा वागणारा पदार्थ रहमान यांनीच प्रथम संगणकात वाहता केला.

रहमान यांचा जन्म १९२७ मध्ये हैदराबादचा. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ज्या संस्थानात होता, त्याच संस्थानाच्या राजधानीत हा मुलगा वाढला. अमेरिकन फिजिकल सोसायटी संगणकीय भौतिकशास्त्रासाठी जो पुरस्कार देते तो त्यांच्या नावाने आहे. दरवर्षी वर्गात मी हे आवर्जून सांगते, कारण या विषयाची सुरुवात कुठेतरी फार लांब झाली आणि आपल्यापर्यंत तिचा फक्त उरलासुरला भाग येतो, ही समजूत विद्यार्थ्यांच्या मनात घट्ट बसलेली असते. आर्गॉनची गणना संपल्यावर विद्यार्थी जेव्हा एका अणूपासून दुसरा अणू किती अंतरावर सापडण्याची शक्यता जास्त आहे याचा आलेख काढतात, तेव्हा पहिले शिखर ०.३७ नॅनोमीटरवर उभे राहते. रहमान यांच्या निबंधात ते ३.७ अँगस्ट्रॉमवर आहे, म्हणजे त्याच जागी. साठ वर्षांपूर्वी अमेरिकेच्या अणुप्रयोगशाळेला जो संगणक लागला, त्याचे काम आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या लॅपटॉपवर चहाचा कप संपायच्या आत होते. मागच्या वर्षी एका मुलीने तो आलेख छापून वहीत चिकटवला आणि खाली तारीख घातली. असा पुरावा हाती आला, की पुढची कष्टाची वाट चालायला विद्यार्थी तयार होतात.

आता खुद्द सॉफ्टवेअरविषयी. ग्रोमॅक्सचा जन्म नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात, हर्मन बेरेंडसेन यांच्या गटात, १९९०च्या दशकाच्या आरंभी झाला. ग्रोमॅक्स म्हणजे 'ग्रोनिंगेन मशीन फॉर केमिकल सिम्युलेशन्स'; त्या नावातल्या 'मशीन' या शब्दाला अर्थ होता, कारण मूळ बेत रेणूंच्या गणनेसाठी अनेक प्रोसेसरांचा समांतर संगणक बांधण्याचा होता. तो संगणक मागे पडला आणि त्याच्यासाठी लिहिलेला प्रोग्राम टिकला. पुढे त्याचा मुख्य विकास स्वीडनमध्ये, स्टॉकहोम आणि उप्साला येथे होत गेला. बेरेंडसेन यांचेच १९८१ चे पाण्याचे साधे प्रारूप, १९८४ ची तापमान स्थिर ठेवण्याची पद्धत आणि इतर अनेक गटांचे शोध त्यात एकत्र आले आहेत. व्हर्ले यांनी १९६७ मध्ये जवळच्या शेजाऱ्यांची यादी ठेवण्याची युक्ती दिली होती. तिच्यामुळे प्रत्येक अणूला प्रत्येक अणूशी ताडून पाहण्याची गरज उरली नाही. विद्युतभारांचे बल मात्र लांबवर पोहोचते, ते असे मध्येच तोडता येत नाही. त्यासाठी १९९३ मध्ये आलेली, जाळीवर बेरीज करणारी 'पीएमई' पद्धत वापरली जाते. विद्यार्थ्याने हे सगळे स्वतः लिहायचे म्हटले तर आयुष्य जाईल. इथे ते एका फाइलमधल्या पाच-सात ओळींत मिळते.

बसवण्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. उबंटू ही लिनक्स प्रणाली असलेल्या संगणकावर तयार आवृत्ती दहा मिनिटांत बसते, पण मूळ कोडवरून आपल्याच संगणकावर बांधून घेतलेली आवृत्ती प्रोसेसरच्या क्षमतेचा पुरता उपयोग करते, म्हणून एक दुपार खर्च करून तेच करावे असा माझा आग्रह असतो. विंडोजवरही आतल्या लिनक्सच्या सोयीने ते चालते. चित्रे, बटणे, माउस यांपैकी त्यात काहीही नाही; काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतात. मराठी माध्यमातून आलेल्या आमच्या मुलांना पहिले दोन आठवडे याची धास्ती वाटते, तिसऱ्या आठवड्यात ती गेलेली असते. संपूर्ण मार्गदर्शिका इंग्रजीत आहे, म्हणून आम्ही आमच्यापुरती पंधरा पानांची मराठी टिपणवही तयार केली आहे आणि ती दरवर्षी वाढते. एककांकडे मात्र सुरुवातीपासून लक्ष द्यावे. ग्रोमॅक्स लांबी नॅनोमीटरमध्ये मोजते आणि प्रथिनांच्या जागतिक संग्रहातील फाइल अँगस्ट्रॉममध्ये असते. रूपांतर ते स्वतः करते, पण आपण हाताने लिहिलेला आकडा दहापट चुकला तर तो चुकलाच.

आमचा मुख्य प्रकल्प सोयाबीनवर आहे. इकडच्या मुलांना सोयाबीन सांगावे लागत नाही. दसरा-दिवाळीला घरात पैसा येतो तो त्याचाच, आणि कच्चे सोयाबीन कोंबड्यांना घालू नये हेही घरोघरी ठाऊक असते. त्याचे कारण बियाण्यातल्या एका प्रथिनात आहे. ते ट्रिप्सिन या पाचक विकराच्या तोंडात जाऊन बसते आणि त्याला काम करू देत नाही. मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये ते स्फटिकरूपात वेगळे केले, म्हणून त्याला कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर म्हणतात. १८१ अमिनो आम्लांची ही एकच साखळी, तिला दोन ठिकाणी गंधकाचे टाके. सोयाबीन भाजताना किंवा शिजवताना हे प्रथिन उलगडते आणि निकामी होते. तूर आणि हरभऱ्यावर येणाऱ्या घाटेअळीच्या पोटातही ट्रिप्सिनसारखीच विकरे असतात, त्यामुळे अशा प्रथिनांचा अभ्यास पिकांच्या रक्षणाच्या अंगानेही केला जातो.

हा विषय निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. ज्या प्रथिनाची हालचाल जगात सर्वप्रथम संगणकावर पाहिली गेली, तेही ट्रिप्सिनला अडवणारेच होते. गाईच्या स्वादुपिंडातले, ५८ अमिनो आम्लांचे ते छोटे प्रथिन मॅककॅमन, जेलिन आणि कारप्लस यांनी १९७७ मध्ये घेतले आणि पाण्याशिवाय, निर्वातात, सुमारे ९ पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) चालवले. काळ किती थोडा! पण तेवढ्यानेही एक मोठी समजूत मोडली. स्फटिकचित्रांत प्रथिन दगडासारखे ताठ दिसत असे. या गणनेने त्याचा आतला भाग द्रवासारखा सतत हलत असल्याचे दाखवले. कारप्लस, लेव्हिट आणि वॉरशेल यांना २०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते रेणूंच्या अशा संगणकीय प्रारूपांसाठीच. त्याच छोट्या प्रथिनाची २०१० मध्ये 'अँटन' या खास बांधलेल्या संगणकावर, आता पाण्यासकट, एक मिलिसेकंदाची हालचाल पाहिली गेली. ९ पिकोसेकंदांपासून एक मिलिसेकंदापर्यंत, म्हणजे ३३ वर्षांत सुमारे ११ कोटी पट. ही झेप विद्यार्थ्यांना फळ्यावर शून्ये लिहून दाखवल्याशिवाय पचत नाही.

ग्रोमॅक्सच्या स्वभावाची खरी ओळख आम्हाला या सोयाबीनच्या प्रथिनानेच करून दिली. पहिल्या वर्षी एका विद्यार्थ्याने संग्रहातून प्रथिनाची फाइल उतरवली आणि कामाला सुरुवात केली. त्या फाइलमध्ये एका वळशातली काही अमिनो आम्ले नव्हती, कारण स्फटिकात तो भाग इतका डळमळता असतो की क्ष-किरणांना तो स्पष्ट दिसत नाही. फाइल वाचणाऱ्या पहिल्याच आज्ञेने पडद्यावर लांब बंधाची सूचना दिली होती. म्हणजे मध्ये तुटलेली साखळी तिने तशीच पुढच्या अमिनो आम्लाला जोडली होती आणि हा बंध भलताच लांब असल्याचे एका ओळीत कळवले होते. ती ओळ शेकडो ओळींमध्ये वर सरकून गेली. पुढे पाणी भरले, आयन घातले, ऊर्जा कमी करण्याची पायरीही पार पडली, कारण गणिताने तो लांब बंध ओढून ओढून जवळ आणला आणि त्याबरोबर अख्खा वळसा पिळला गेला. दोन आठवड्यांनी मी चित्र फिरवून पाहिले तेव्हा ट्रिप्सिनला पकडणारा भागसुद्धा किंचित कलंडलेला दिसला. मुलाचे दोन आठवडे गेले. चूक सॉफ्टवेअरची म्हणता येणार नाही, त्याने सांगितले होते. आम्ही वाचले नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की प्रत्येक आज्ञेचे सगळे बोलणे फाइलमध्ये साठवायचे आणि त्यातली प्रत्येक सूचना मराठीत एका वाक्यात वहीत उतरवायची. जिचा अर्थ लिहिता येत नाही, तिच्यापुढे जायचे नाही.

याच संदर्भात एका घातक सोयीबद्दल बोलणे भाग आहे. गणना सुरू करण्याआधी 'ग्रॉम्प' ही आज्ञा सगळ्या फाइली तपासून एकत्र बांधते आणि शंका आली तर थांबते. ती थांबू नये म्हणून 'मॅक्सवॉर्न' नावाचा एक पर्याय आहे. त्यापुढे आकडा लिहिला की तितक्या सूचना ती पोटात घालते. अनुभवी माणसाला कधीकधी त्याची गरज पडते. पण शिकवणीच्या व्हिडिओंमधून हा पर्याय मंत्रासारखा पसरला आहे आणि विद्यार्थी तो पहिल्या दिवसापासून, का लिहायचा हे न विचारता, प्रत्येक ओळीत लिहितात. प्रथिनाचा एकूण विद्युतभार शून्य झालेला नाही, अशी सूचनाही मग त्याच्याखाली गाडली जाते. कित्येक प्रबंधांत देखणे आलेख असतात आणि त्यांच्यामागची पेटीच चुकीची असते. मी परीक्षक म्हणून गेले की सर्वांत आधी विद्यार्थ्याकडून त्याची ग्रॉम्पची ओळ मागते. या पर्यायाविषयी मार्गदर्शिकेत इशारा आहे, तरीही तो वापरणाऱ्याकडून कारण लिहून घेण्याची सक्ती हवी होती, असे मला मनापासून वाटते.

दुसरा नेहमीचा घोटाळा निरुपद्रवी आहे, पण नवख्याला तो घाबरवतो. पेटी अमर्याद वाटावी म्हणून तिची एक भिंत समोरच्या भिंतीला जोडलेली असते. उजवीकडून बाहेर पडलेला अणू डावीकडून आत येतो. प्रथिन फिरत फिरत भिंतीपाशी गेले की त्याचा अर्धा भाग इकडे आणि अर्धा तिकडे दिसतो. "मॅडम, प्रथिनाचे दोन तुकडे झाले," असा निरोप मला दर वर्षी जुलैत एकदा तरी रात्री येतो. आलेखातही त्याच क्षणी उंच उडी दिसते. प्रथिन शाबूत असते. साठवलेल्या चित्रमालिकेत त्याला मध्यभागी आणून अखंड करण्याची एक आज्ञा आहे, ती दिली की सगळे जागेवर येते.

ज्या प्रश्नाने मला स्वतःला सर्वांत जास्त शिकवले तो मात्र उष्णतेचा होता. मुलांना साहजिकच वाटले, की तापमान १०० अंश सेल्सिअस ठेवले तर चुलीवर उलगडते तसे प्रथिन पेटीतही उलगडेल. ३७३ केल्विन, १०० नॅनोसेकंद, पाच कोटी पायऱ्या. शेवटी पाहिले तर प्रथिन जसेच्या तसे. टोके थोडी जास्त हलली इतकेच. मुले खट्टू झाली. मग आम्ही हिशेब मांडला. सोयाबीन दहा मिनिटे उकळते, म्हणजे ६०० सेकंद. आमची गणना १०० नॅनोसेकंदांची. दोहोंत ६०० कोटी पटींचे अंतर आहे. चुलीवर जे घडते ते आमच्या पेटीत घडायला आमचा संगणक लाखो वर्षे चालवावा लागला असता. या क्षेत्रातले लोक म्हणून तापमान मुद्दाम ५०० केल्विनसारख्या, स्वयंपाकघरात कधीच न येणाऱ्या पातळीवर नेतात, पाण्याचे घनफळ पक्के ठेवतात आणि उलगडण्याची वाट घाईने घडवून पाहतात. आम्हीही ते केले. बाजूची वळणे आधी सैल झाली, आतला पट्ट्यांचा गाभा उशिरापर्यंत तग धरून राहिला आणि गंधकाचे टाके तर शेवटपर्यंत सुटले नाहीत. ते सुटणे शक्यच नव्हते, कारण या पद्धतीत रासायनिक बंध म्हणजे स्प्रिंग असते. ती ताणली जाते, तुटत नाही.

हे वाक्य प्रत्येक वापरणाऱ्याने टेबलावर लिहून ठेवावे असे आहे. नेहमीच्या वापरात ग्रोमॅक्स रासायनिक अभिक्रिया दाखवत नाही. बंध जुळणे-तुटणे, प्रोटॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर जाणे, विकराने आपले लक्ष्य प्रत्यक्ष कापणे, हे सगळे इलेक्ट्रॉनांचे काम आहे आणि इथे इलेक्ट्रॉन नाहीतच. त्यांचा परिणाम अणूंवरच्या ठरावीक विद्युतभारांत आणि स्प्रिंगांच्या कडकपणात आधीच भरून ठेवलेला असतो. या भरणीलाच फोर्स फील्ड म्हणतात. अँबर, चार्म, ओपीएलएस, ग्रोमॉस अशी घराणी आहेत, ती एकमेकांत मिसळायची नसतात आणि प्रत्येकाचे पाण्याचे प्रारूपही ठरलेले असते. प्रथिनाची वीस अमिनो आम्ले सर्वांना ठाऊक असतात. पण आपल्या प्रयोगशाळेत तयार केलेला नवा रेणू त्यांच्या यादीत नसतो. त्याचे आकडे बाहेरच्या साधनांनी तयार करून आणावे लागतात, आणि औषधांवरच्या प्रकल्पांत सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. या टप्प्यासाठी ग्रोमॅक्सची स्वतःची सोय तोकडी आहे. मी वजा गुण देते ते इथे.

वेगाच्या बाबतीत मात्र कौतुकाला हात आखडता घेण्याचे कारण नाही. आमच्या पेटीत पाण्यासकट सुमारे चाळीस हजार अणू असतात; त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक अणू पाण्याचे. निव्वळ प्रोसेसरवर दिवसाला दहा-बारा नॅनोसेकंद होत असत. ग्राफिक्स कार्डाचा आधार ग्रोमॅक्सला २०१३ पासून पुरता मिळाला आणि २०२० च्या आवृत्तीपासून पायरीचे जवळजवळ सगळे काम कार्डावरच ठेवता येऊ लागले. खेळांसाठी बनवलेले मध्यम किमतीचे एनव्हिडिया कार्ड बसवल्यावर आमचा आकडा दिवसाला दोनशे नॅनोसेकंदांच्या आसपास गेला. १०० नॅनोसेकंदांची एक फेरी आता संध्याकाळी लावली की सकाळी पहिल्या तासापर्यंत पुरी होते. त्यामुळे एक फार महत्त्वाची गोष्ट शक्य झाली : एकच फेरी करून निष्कर्ष न काढता सुरुवातीचे वेग बदलून प्रत्येक गणना तीनदा करता येते. अणूंची गती इतकी नाजूक असते की सुरुवातीचा यःकश्चित फरक काही पिकोसेकंदांत वाढून दोन फेऱ्यांना वेगळ्या वाटांनी नेतो. तिन्ही फेऱ्यांत जे सारखे दिसते तेवढेच सांगण्याजोगे. ज्यांचा प्रश्न याहून मोठा आहे त्यांच्यासाठी पुण्याच्या आयसरमधील 'परम ब्रह्म'सारखे महासंगणक आहेत, आणि आपल्या टेबलावर ग्रॉम्पने बांधून दिलेली टीपीआर फाइल तिथेही तशीच चालते.

वीज हा आमचा वेगळा धडा होता. मे महिन्यात, बाहेर बेचाळीस अंश असताना, खोलीत कार्ड तापते आणि स्वतःचा वेग कमी करते. म्हणून आम्ही संगणकाच्या डब्याचे झाकण काढून समोर पंखा लावतो आणि लांबच्या फेऱ्या शक्यतो रात्री चालवतो. वीज जाते ती न सांगता. जवळच्या एका दुकानातून घेतलेल्या यूपीएसची बॅटरी वर्षभरात बसली आणि हमी असूनही ती बदलून मिळाली नाही; तो उन्हाळा आम्ही बॅटरीशिवायच काढला. तरीही एकही फेरी पूर्ण वाया गेली नाही, याचे श्रेय ग्रोमॅक्सला आहे. दर पंधरा मिनिटांनी ते सर्व अणूंची जागा आणि वेग एका सीपीटी फाइलमध्ये उतरवते आणि आधीची प्रतही जपून ठेवते. वीज आली की एका आज्ञेने गणना तिथूनच पुढे सुरू होते आणि नवे आकडे जुन्या फाइलींनाच जोडले जातात. अशा गावात काम करणाऱ्यासाठी या एका सोयीचे मोल मला शब्दांत सांगता येणार नाही. चित्रमालिकेची दाबून साठवलेली फाइलही आटोपशीर असते; दर दहा पिकोसेकंदांनी एक चित्र ठेवले तर १०० नॅनोसेकंदांना दीड-दोन जीबी पुरतात.

पर्यायांबद्दल थोडक्यात. धातू, पॉलिमर, काच, बॅटरीतील विद्राव अशा पदार्थविज्ञानाच्या प्रश्नांसाठी अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत घडलेले लॅम्प्स अधिक लवचिक आहे. अतिप्रचंड रेणुसमूहांसाठी इलिनॉय विद्यापीठातील नॅमडीचे नाव घेतले जाते. २००६ मध्ये एक अख्खा विषाणू, सुमारे १० लाख अणूंचा, आणि २०१३ मध्ये एचआयव्हीचे ६ कोटी ४० लाख अणूंचे कवच त्याच्या साहाय्याने अभ्यासले गेले. त्याच विद्यापीठातले व्हीएमडी आम्ही चित्रे पाहण्यासाठी वापरतो, कारण ग्रोमॅक्सला स्वतःचे डोळे नाहीत. पायथॉन येणाऱ्यांना ओपनएमएम आवडेल. पण प्रथिन, पाणी, पेशीपटल आणि त्यांच्याशी बांधला जाणारा लहान रेणू एवढे ज्यांचे क्षेत्र आहे आणि हाताशी एकच संगणक आहे, त्यांनी ग्रोमॅक्सच घ्यावे.

नव्याने सुरुवात करणाऱ्या सहकाऱ्यांना माझी शिफारस अशी, की निधी थोडा असेल तर महागडा प्रोसेसर घेण्याऐवजी कार्डावर खर्च करावा, दोन टेराबाइटची वेगळी डिस्क घ्यावी आणि पहिल्या सत्रात आर्गॉन, मग साधे पाणी, मग अंड्याच्या पांढऱ्यातले लायसोझाइम, या क्रमाने जावे. औषधाच्या रेणूकडे पहिल्या वर्षी वळू नये, कितीही मोह झाला तरी.

आमच्याकडे सध्या सोयाबीनचे प्रथिन आणि ट्रिप्सिन एकत्र बांधलेल्या जोडीची तिसरी फेरी चालू आहे. या वेळी हरवलेला वळसा आधी नीट बांधून घेतला आहे, ग्रॉम्पच्या ओळीत मॅक्सवॉर्न नाही, आणि पावसाळ्यात वीज जास्तच खेळते म्हणून सीपीटीचे अंतर पंधरावरून पाच मिनिटांवर आणले आहे.